जात्याची तळी गहाण नको

(उपकारस्तुतीच्या उपासनेनंतर झालेल्या सहायक मेळाव्यातील भाषण)





मेळाव्याला बसण्यापूर्वी एका ज्येष्ठ सहायकांनी मला विचारले, "आदिवासी बांधवाला मदत करायची तर दान द्या. त्याच्या डोक्यावर कर्ज कशाला?" प्रश्न रास्त आहे. आपली देणगी सौर पंप, सौर दिवे अशा लहान उद्योगांच्या कर्जाला आधार म्हणून वापरावी, असा विचार पुढे आला आहे. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर आज सर्वांसमोर देतो.

पहिली गोष्ट ही, की कर्ज त्या घरात आधीपासूनच आहे. रायगड-ठाण्याच्या कातकरी वाड्यांवर त्याला 'उचल' म्हणतात. पावसाळ्यात काम नसते, घरात दाणा नसतो, कोणी आजारी पडते. तेव्हा वीटभट्टीचा किंवा कोळसाभट्टीचा मुकादम येतो आणि काही हजार रुपये हातावर ठेवतो. दिवाळीनंतर सारे कुटुंब त्या पैशांपोटी भट्टीवर जाते. मुलांची शाळा तिथेच सुटते. हिशेब मालकाच्या वहीत असतो. अवकाळी पाऊस आला आणि कच्च्या विटा भिजल्या, तर त्यांची मजुरी बहुधा मिळत नाही. मेअखेर घरी परतताना फेड पुरी झालेली नसली, तर पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला, पण उचल अजून चालू आहे. हवामान बदलते आहे असे आपण वर्तमानपत्रात वाचतो. वीट थापणाऱ्या बाईला ते मजुरी बुडाल्यावर कळते.

तेव्हा कर्ज द्यावे की नाही, एवढाच प्रश्न नाही. कोणते कर्ज बांधते आणि कोणते सोडवते, हे आपण पाहिले पाहिजे.

गुजरातेत कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणारे अगरिया लोक आहेत. जमिनीखालचे खारे पाणी उपसून ते मिठागरात सोडतात. हे पाणी डिझेलच्या इंजिनावर उपसले जाई. डिझेलसाठी हंगामाच्या सुरुवातीला व्यापाऱ्याकडून आगाऊ पैसे घ्यायचे आणि मग त्याच्याच भावाने त्याला मीठ द्यायचे, अशी रीत. उन्हातान्हात सहा-सात महिने राबून बराचसा पैसा इंजिनच पिऊन टाकी. 'सेवा' या महिलांच्या संघटनेने तिथल्या बायकांना कर्जाने सौर पंप घेण्याची वाट काढून दिली. डिझेलचा धूर कमी झाला आणि डिझेलवरचा खर्चही घटला. जो पैसा इंधनात जळून जात असे, त्यातून हप्ता भरता येऊ लागला. असे कर्ज माणसाला व्यापाऱ्याच्या हातून सोडवू शकते.

पण हप्ता कसा घ्यावा, हेही तितकेच महत्त्वाचे. बंगळुरूच्या 'सेल्को' या संस्थेने १९९५पासून बँकांच्या कर्जावर गरिबांच्या घरी सौर दिवे पोहोचवले. तिचे संस्थापक हरीश हंदे एका भाजीवालीचा अनुभव सांगतात. महिन्याला तीनशे रुपये तिला जड वाटत होते, पण रोजचे दहा रुपये ती देऊ शकत होती. रक्कम तीच. पण तिची कमाई रोजची होती, महिन्याची नव्हती. हंदे यांना २०११ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तो आपल्या जळगाव जिल्ह्यातील बहादरपूरच्या नीलिमा मिश्रा यांनाही मिळाला. त्यांनीही गावातल्या बायकांचे बचत गट उभे करूनच काम केले आहे.

आपल्या वाड्यांवर कमाई रोजचीही नाही आणि महिन्याचीही नाही. दळी जमिनीवर सौर पंप बसवून एखाद्या कुटुंबाने हिवाळ्यात भाजी केली, तर पैसा जानेवारी ते एप्रिल या काळात हाती येईल. श्रावणात त्यांच्याकडे हप्ता मागणे म्हणजे त्यांना पुन्हा मुकादमाच्या दारी पाठवणे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१० साली आंध्र प्रदेशात लहान कर्जांनीच घरे उद्ध्वस्त केली. एकाच बाईला तीन-चार ठिकाणांहून कर्जे, दर आठवड्याला वसुली, दारात येऊन अपमान. आत्महत्या झाल्या आणि सरकारला वटहुकूम काढावा लागला. कर्ज लहान आहे म्हणून ते दयाळू असतेच असे नाही.

पवित्र शास्त्राला हे ठाऊक आहे. अनुवादाचा २४वा अध्याय घरी गेल्यावर अवश्य वाचा. जात्याची तळी कोणी गहाण घेऊ नये, कारण त्यावर त्या घराचे जगणे चालते. गहाण आणायला सावकाराने घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. गरिबाचे पांघरूण रात्र होण्यापूर्वी परत द्यावे. देवाने उसने देण्यास मना केले नाही. मात्र देणाऱ्याने कुठे थांबावे ते सांगितले. आजच्या भाषेत बोलायचे तर सौर पंप ही त्या घराची जात्याची तळी आहे. एक हप्ता चुकला म्हणून तो उचलून आणायचा नाही.

म्हणून माझी आपणांस तीन गोष्टींची विनंती आहे. भूक, औषध आणि मुलांचे शिक्षण यांसाठी दानच द्या. त्यासाठी कोणाला कर्जात लोटू नका. ज्यातून कमाई होते, त्या साधनासाठी बँक किंवा बचत गट कर्ज देईल. तिथे कुटुंबाने सुरुवातीला भरायचा वाटा आणि वादळ-अवकाळीच्या वर्षी अडलेला हप्ता, यांना आपल्या देणगीचा आधार असू द्या. आणि तिसरे, धीर धरा. हा पैसा हळूहळू परत येईल, कधी थोडा बुडेलही. जो परत येईल तो पुढच्या घरी जाईल.

दिवाळीनंतर वाडीवरच्या शाळेच्या पटावरची सगळी मुले वर्गात बसलेली दिसावीत, एवढीच या कामाची कसोटी. त्यासाठी आपण प्रार्थना करावी आणि हातभार लावावा.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.