‘हो’ म्हणणारा कैदी



स्वागताध्यक्षाकडून लोकांच्या दोनच अपेक्षा असतात: जेवण चोख असावं आणि भाषण आखूड. पहिलीची जबाबदारी मंडपामागच्या मंडळींनी घेतली आहे. उद्या सकाळी मिसळ आहे, बाहेरगावच्यांनी तर्री जपून घ्यावी. दुसरी अपेक्षा पुरी करायचा मी प्रयत्न करते.

बौद्धिक दिव्यांग कैदी हा परिषदेचा विषय सांगितला तेव्हा एका अधिकाऱ्यांनी मला विचारलं, “बाई, तुरुंगात मतिमंद कैदी असतात कुठे? मनोरुग्ण असतात, त्यांना डॉक्टर बघतात.” ते मनापासून बोलत होते. बौद्धिक दिव्यांग कैदी त्यांना कधी दिसलाच नव्हता, आणि दिसणार तरी कसा? ज्यांचा बुद्ध्यांक 50 ते 69 च्या दरम्यान असतो त्यांना आपण ‘सौम्य’ गटात धरतो. ही मुलं चालतात, बोलतात, बिगारी कामं करतात. तुरुंगात येतात ती बहुतेक याच गटातली. आरडाओरडा नाही, तक्रार नाही. गिनतीला सगळ्यांच्या आधी बसणारा, सगळ्यांची भांडी घासणारा कैदी कुणाला नको असतो?

विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांबरोबर एका जिल्ह्याच्या कारागृहात गेले होते. नाव सांगत नाही. एका कैद्याकडे बोट दाखवून हवालदार म्हणाले, “एकदम सरळ पोरगं आहे.” मोबाइल चोरीची केस. मी विचारलं, “मोबाइल तू घेतलास का रे?” “हो.” मग गावाच्या, आईच्या, शेळ्यांच्या गप्पा झाल्या आणि मी पुन्हा विचारलं, “तू नाही ना घेतलास?” “हो.” “मग कुणी घेतला?” त्यानं दाराकडे बघितलं. “साहेब सांगतील.”

विशेष शाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हा ‘हो’ ओळखीचा असतो. लहानपणापासून ‘नाही’ म्हटलं की मार बसतो, ‘कळलं नाही’ म्हटलं की हसू होतं. ‘हो’ म्हटलं की समोरचा शांत होतो. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे वकील मंडळी मला सांगतीलच. पण त्या ‘हो’वर निवेदन पंचनामा होतो, वस्तू ‘स्वतःहून काढून दिली’ असं लिहिलं जातं, खाली अंगठा येतो. पुढे तारीख व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर पडते. पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसला की पोरगा हसतो, आणि बघणाऱ्याला तो निर्ढावलेला वाटतो.

कायद्यात वाटच नाही, असं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 27 वं प्रकरण बौद्धिक अपंगत्वाचा स्वतंत्र उल्लेख करतं. आरोपी स्वतःचा बचाव करूच शकत नाही असं ठरलं, तर चौकशी बंद करून त्याला घरच्यांकडे किंवा निवासी संस्थेकडे सोपवता येतं. पण आधी ते कुणाच्या तरी लक्षात यायला हवं! तुरुंगात येतात ते मनोविकारतज्ज्ञ, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं बौद्धिक अपंगत्व मानसिक आजाराच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलं आहे. वगळलं ते योग्यच, कारण हा आजार नव्हे. पण त्यामुळे हा कैदी डॉक्टरांच्या रजिस्टरमध्ये बसत नाही, आणि दुसरं रजिस्टर कुणी काढलेलं नाही. ज्याला गोळी लागत नाही त्याला काहीच लागत नाही, असं आपण धरून चाललो आहोत. त्याला माणूस लागतो.

कोर्टांनी याआधी हात दिलेला आहे. गुन्हा नसताना मनोरुग्णांना तुरुंगात डांबणं बेकायदा आहे, हे 1993 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ते मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर. जुलै 2025 मध्ये मुरुगानंतम या दिव्यांग वकिलाच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं तमिळनाडूच्या तुरुंगांना आदेश दिला, की कैदी दाखल होतानाच त्याचं अपंगत्व ओळखा. व्हीलचेअर लागणारा माणूस दारातच ओळखू येतो. आपल्या पोरांसाठी दाखल करून घेणाऱ्या शिपायाला चार साधे प्रश्न शिकवावे लागतील: घरी कसा जाशील, शंभराची नोट दिली आणि चाळीसचं सामान घेतलं तर परत किती, असे. तेवढ्यानं निदान होणार नाही, पण शंका येईल, आणि शंका आली की विशेष शिक्षकाला फोन करता येईल.

वेगळ्या बराकीची सूचना काहींनी पाठवली आहे. माझा तिला विरोध आहे. वेगळी बराक म्हणजे अडगळीची खोली होणार. त्यापेक्षा अशा कैद्याच्या कॅन्टीनच्या पैशांवर लक्ष ठेवणारा, तारखेला शेजारी उभा राहणारा, वकिलाचं बोलणं त्याच्या भाषेत सांगणारा एक नेमलेला माणूस द्या. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’नं 1990 पासून तुरुंगात समाजकार्यकर्ते पाठवून ही वाट दाखवली आहे. जामिनाच्या पैशांसाठी 2023 पासून केंद्राची योजना आहे, ती सुरू झाली तेव्हा कच्च्या कैद्याला 40,000 रुपयांपर्यंत मदत मिळत होती. राष्ट्रीय न्यास कायद्याखालची स्थानिक समिती तर जिल्हाधिकाऱ्यांच्याच अध्यक्षतेखाली असते. तिला अधीक्षकांचं एक पत्र गेलं तर कायदेशीर पालक नेमण्याचा प्रश्न सुटू शकतो.

आणि सुटकेचा दिवस. अंधार पडता पडता फाटक उघडतं, हातात दाखला, समोर रस्ता. एसटी स्टँड कुठे, कुठल्या गाडीत बसायचं, कुणाला विचारायचं? घरी आधी फोन गेला पाहिजे आणि कुणीतरी न्यायला आलं पाहिजे. एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही.

उद्या दुपारच्या सत्रात दाखल-नोंदीच्या फॉर्मचा कच्चा मसुदा तयार करायचा आहे. कारागृह अधिकाऱ्यांनी त्याला अवश्य बसावं, नाहीतर आम्ही मास्तरमंडळी सोळा पानांचा फॉर्म करून ठेवू. पालकांची बैठक मागच्या लहान खोलीत आहे, तिथे फोटो काढायचे नाहीत. ज्यांच्या मुलांचे खटले चालू आहेत त्यांच्यासाठी दोन्ही दिवस वकील तिथेच थांबतील.

चहा बाहेर तयार आहे, पण तो अध्यक्षीय भाषणानंतर. अध्यक्ष महोदय, सूत्रं आपल्याकडे देते.