जुना लॅपटॉप बदलताना
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की आमच्या शिक्षक-खोलीच्या दाराशी एक प्रश्न हमखास येतो. "सर, घरातला लॅपटॉप आता चालत नाही. नवा कोणता घ्यावा?" मी काही संगणकतज्ज्ञ नाही, मराठी आणि इतिहास शिकवणारा साधा शिक्षक आहे. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो. कारण या बाबतीत मी एक चूक केली आहे, आणि तिची किंमत मी नव्हे, एका पालकाने मोजली.

२०२१ सालची गोष्ट. शाळा बंद होत्या, वर्ग मोबाईलवर चालत होते. रिक्षा चालवणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले. मुलगी नववीत, आणि हाती नुकतीच लागलेली भिशीची रक्कम. मी मोठ्या ऐटीत सांगितले, "चाचा, शिकायला भारी यंत्र कशाला? सर्वांत स्वस्त असेल ते घ्या." त्यांनी माझा शब्द मानला. यंत्रात रॅम ४ जीबी आणि साठवण अवघी ६४ जीबी. दीड वर्षात ती साठवण विंडोजच्या नव्या आवृत्त्यांनीच भरून गेली. रॅम वाढवावी म्हणून यंत्र उघडले, तर ती मुख्य फळीवर डाख देऊन कायमची बसवलेली, साठवणही तशीच. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. अकरावी-बारावीची प्रात्यक्षिके त्या मुलीने मैत्रिणीच्या घरी जाऊन केली. बापलेकींनी मला कधी शब्दाने दुखावले नाही, म्हणून ती गोष्ट अधिकच लागली.

तेव्हापासून मी हा विषय समजून घेऊ लागलो. जे कळले ते आपणांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी, की जुना लॅपटॉप संथ झाला म्हणजे तो निकामी झाला असे नव्हे. माझा स्वतःचा २०१६ सालचा. चहा पिऊन होईपर्यंत सुरू होत नसे. त्यात फिरती हार्ड डिस्क होती. ती काढून एसएसडी बसवली, रॅम ४ ची ८ जीबी केली, आणि यंत्राला जणू नवे आयुष्य मिळाले. तेव्हा दुकानाची पायरी चढण्यापूर्वी दुरुस्तीवाल्याला तीन प्रश्न विचारा: डिस्क कोणती आहे, रॅम वाढते का, बॅटरी बदलून मिळेल का? उत्तरे अनुकूल असतील तर थोडक्या खर्चात काम भागते.

मात्र यालाही मर्यादा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ सर्वच जुन्या यंत्रांवर रीतसर चढत नाही. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही कंपनीच्या यादीतला लागतो. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा. माझ्या यंत्राला ते जमले नाही. मी त्यावर लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घातली. प्रश्नपत्रिका आणि देवनागरी टंकलेखन तेवढ्यावर सुरळीत चालते. परंतु मुलीच्या महाविद्यालयात विंडोजवरच चालणारे सॉफ्टवेअर लागत असेल, तर हा उपाय तिच्या कामाचा नाही.

दुसरी गोष्ट. नवा घ्यायचाच ठरला, तर आधी कागद घ्या आणि काम लिहा. वाणिज्य शाखेला हिशेब आणि तक्ते, विज्ञानाला प्रोग्रामिंग, अभियांत्रिकीला रेखाचित्रे. प्रत्येकाची गरज निराळी. दुकानदार आकडे सांगतो. काम आपण सांगायचे असते.

तिसरी गोष्ट, काय पाहावे. रॅम ८ जीबीपेक्षा कमी नको. प्रोग्रामिंग करायचे असेल तर १६ असावी. ती पुढे वाढवता येते की नाही, हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नका. साठवण एसएसडीच हवी, ५१२ जीबी असल्यास बरे. नुसत्या 'आय फाइव्ह' या नावाला भुलू नका. त्यापुढच्या आकड्यात प्रोसेसरची पिढी लपलेली असते: ११३५ म्हणजे अकरावी, १२३५ म्हणजे बारावी. जुन्या पिढीच्या आय फाइव्हपेक्षा नव्या पिढीचा आय थ्री पुष्कळदा सरस ठरतो. मुले खेळांसाठीच्या लॅपटॉपचा हट्ट धरतात. तो जड असतो आणि त्याची बॅटरी लवकर संपते. ज्या मुलीला रोज एस.टी.ने तासभर जायचे आहे आणि जिच्या गावी पावसाळ्यात वीज जाते, तिने वजन आणि बॅटरी आधी पाहावी. कीबोर्डवर चार ओळी टंकून पाहाव्यात. सेवाकेंद्र जवळच्या शहरात आहे की नाही, हेही विचारून घ्यावे.

चौथी गोष्ट पैशाची. 'बिनव्याजी हप्ता' या शब्दांना जपून राहा. शून्य टक्के व्याज असे काही नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. ते व्याज बहुधा किमतीत, बुडालेल्या सवलतीत किंवा शुल्कात दडलेले असते. रोखीची किंमत आणि सर्व हप्त्यांची बेरीज शेजारी-शेजारी मांडा. खरे काय ते दिसेल.

आणखी एक गोष्ट बोलतो, ती कटू वाटल्यास क्षमा असावी. पुष्कळ घरांत नवा लॅपटॉप मुलाला आणि त्याने टाकलेला मुलीला, असा रिवाज आहे. वाटणी कामावरून करा. ज्याचे काम मोठे त्याला नवा, मग तो भाऊ असो वा बहीण.

जुने यंत्र देताना फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्या, मग डिस्क पूर्ण पुसा. अगदीच निकामी असेल तर ते कचऱ्यात किंवा भट्टीत जाऊ देऊ नका; अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या.

२०२५ च्या जूनमध्ये तेच चाचा पुन्हा माझ्याकडे आले. मुलीला बी.एस्सी. संगणकशास्त्रात प्रवेश मिळाला होता. मी खजील झालो, पण ते म्हणाले, "सर, या वेळी तुम्हीच दुकानात चला." आम्ही तिघे गेलो. कागद मुलीच्या हातात होता आणि सारे प्रश्न तिनेच विचारले. शेवटी १६ जीबी रॅमचा, दिसायला साधा लॅपटॉप घेतला. शेजारचा झगमगता तिने परत ठेवायला सांगितला. मला त्या दिवशी एकही शब्द बोलावा लागला नाही.

पालकहो, आपल्या घामाचा पैसा असाच विचारून खर्च करा. आणि विद्यार्थ्यांनो, तो प्रश्नांचा कागद तुम्ही स्वतः लिहा.