एका विशेषणाची गोष्ट

इंग्रजीत ‘क्वेंट’ असे एक लहानसे विशेषण आहे. त्याला मराठी प्रतिशब्द द्यावयाचा म्हटले की पंचाईत होते. ‘जुनाट’ म्हणावे तर त्यात कंटाळा डोकावतो. ‘विचित्र’ म्हणावे तर त्यातली माया हरपते. ‘जुन्या वळणाचे, पण मनाला वेधणारे’ असा लांबट खुलासाच करावा लागतो. शब्दाचे कुळही गमतीचे आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘जाणलेले, ओळखीचे’. फ्रेंचमार्गे इंग्रजीत येताना तो ‘चतुर’, ‘कौशल्याने घडविलेले’ असा झाला, पुढे ‘अनोखे’ झाला आणि मग आजच्या अर्थास पोहोचला. ओळखीतून निघालेला शब्द अनोळखीपाशी येऊन ठेपला!

हा शब्द कोलकात्यास आलेल्या पाहुण्याच्या तोंडी हटकून येतो. ट्राम पाहिली की तो म्हणतो, ‘किती क्वेंट!’ मुंबईची ट्राम 1964 साली बंद पडली, तेव्हा आपणांसही तसे वाटणे साहजिक आहे. पण 1873 साली घोड्यांनी ओढलेली आणि 1902 पासून विजेवर धावणारी ही गाडी कोलकातेकराला कचेरीत पोहोचविणारी होती. 1953 साली तिचे भाडे एका पैशाने वाढले, तेव्हा सारे शहर खवळून उठले. मौजेच्या वस्तूसाठी कोणी असे रस्त्यावर उतरत नाही. मैदानालगतचा एक मार्ग वारसा म्हणून ठेवून बाकीचे बंद करण्याचे राज्य सरकारने 2024 साली जाहीर केले. गाडीची गरज सरली, की हे विशेषण तिला चिकटते.

ट्रामपाशी तो शब्द मला खपतो. ‘टाना रिक्षा’पाशी मात्र नाही. माणसाने माणसाला ओढावयाची ती गाडी पाहुण्यास चित्रासारखी दिसते, कारण त्याची नजर चाकांवर असते, पायांवर नसते. बिमल रॉय यांच्या 1953 सालच्या ‘दो बिघा जमीन’मध्ये बलराज साहनींना ती ओढताना ज्यांनी पाहिले, त्यांच्या ओठांवर हा शब्द येणार नाही.

आणि हे दूरचे म्हणून सोडून देऊ नये. आपल्या माथेरानातही हातरिक्षा होत्याच. सहा महिन्यांत ती प्रथा बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयास 2025 साली द्यावा लागला. तेथल्या 1907 सालच्या छोट्या आगगाडीला मात्र खुशाल ‘क्वेंट’ म्हणावे. तिला ओढावयास इंजिन आहे.