विटांच्या आडचे लाकडी घर



परमुलखात घर थाटलेल्या आपल्यासारख्यांपुढे बोलायचे, तर तशाच दुसऱ्या माणसांची हकीकत सांगावी, असे मनात आले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, ग्रीन बे आखाताच्या काठी डोर काउंटी आहे. तिच्या दक्षिण भागातील बेल्जियन शेतकऱ्यांची ही हकीकत.

१८५३ साली ब्राबांत प्रांतातील दहा कुटुंबे अँटवर्पहून जहाजात बसली. मागोमाग हजारो निघाली. सरकारी जमीन एकरी सव्वा डॉलरला मिळे, पण जमीन कसली, घनदाट अरण्यच ते! शेत पिकेपर्यंत छपराच्या लाकडी फळ्या हाताने तासून विकायच्या आणि त्यावर पोट भरायचे. राहती घरे ओंडक्यांची.

८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री पेश्टिगोचा वणवा उसळला. शिकागो पेटले तीही हीच रात्र. म्हणूनच जगाला शिकागो आठवते, पेश्टिगो नाही. बाराशेहून अधिक माणसे दगावली असे मानतात. आखाताच्या या काठावरील वसाहतही होरपळून निघाली.

त्यानंतर तेथे लाल विटांची घरे दिसू लागली. मात्र त्यांतील पुष्कळ घरांची वीट हे केवळ बाहेरचे आवरण. आत भिंत ओंडक्यांचीच. आगीची धास्ती आणि हाताशी असलेले लाकूड यांची ही तडजोड मला फार माणुसकीची वाटते. घरामागे उन्हाळी स्वयंपाकघर असे. त्याच्या भिंतीतून बाहेर निघालेली घुमटाकार भट्टी; तोंड आत, पोट बाहेर. लाकडे जाळून ती तापवायची, निखारे ओढून काढायचे आणि मग पाव भाजायचा. १८५८ पासून 'केरमिस' हा सुगीचा सण तेथे होऊ लागला. त्याचे गोड पायही याच भट्टीतले.

भाषेचे मात्र तसे झाले नाही. त्यांची वालून ही फ्रेंचची बहीण, पण शाळेत शिकवली न जाणारी. विसाव्या शतकातही ती चुलीपाशी, गोठ्यात बोलली जाई. मुले शाळेतून इंग्रजी घेऊन आली. पुढे त्यांच्या मुलांना आजीचे बोलणे समजे, पण उत्तर इंग्रजीत येई. आज ती जाणणारी थोडी वृद्ध माणसे उरली आहेत. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी हे संभाषण रोज चालते, हे मी विचारत नाही.

नामूर गावाच्या परिसराला १९९० मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. तेथील जुन्या चर्चमध्ये आता बेल्जियन वारसा केंद्र आहे. काही भट्ट्याही अजून उभ्या आहेत, घरांच्या मागल्या अंगाला.