परदेशी शिकताना कॅमेरा कशासाठी?



मुलगा शिकायला बर्लिनला गेला की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो धडाधड येऊन पडतात. ब्रांडेनबुर्ग गेट, टीव्ही टॉवर आणि दोन्हींपुढे हसरे चिरंजीव. ते यायलाच हवेत, आजीला नातू दिसायला नको का! पण त्यातून शहर फारसं कळत नाही.

लिंडा हेंकेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. त्यांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयात नेलं. काही वस्तूंचे फोटो काढायला लावले, काही नुसत्याच पाहायला सांगितल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात फोटो काढलेल्या वस्तूच विद्यार्थ्यांना कमी आठवल्या. लक्षात ठेवायचं काम कॅमेऱ्यावर टाकलं की आपण मोकळे! मात्र झूम करून वस्तूचा एखादाच भाग टिपला, तेव्हा आठवण शाबूत राहिली.

मला हे झूम मोलाचं वाटतं. बर्लिनच्या फुटपाथवर जागोजागी दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन बसवलेले दिसतात. गुंटर डेमनिग या जर्मन कलावंताने १९९० च्या दशकात हे काम सुरू केलं. नाझींच्या छळाला बळी पडलेल्या माणसांच्या घरांपुढचे हे चौकोन. 'इथे राहत होते', खाली नाव, जन्मसाल, कुठे नेलं, पुढे काय झालं. फोटो घ्यायचा तर वाकावंच लागतं. एकाच दारापुढे एकाच आडनावाचे तीन-चार चौकोन असले, की धाकट्याचं वय काढायला मनातल्या मनात वजाबाकी सुरू होते. मग नजर वर दाराकडे जाते. तिथे बेलशेजारी आज राहणाऱ्यांची आडनावं असतात. ती फ्रेममध्ये घ्यावीत का?

इथून खरा अभ्यास सुरू होतो. आणि दारातून कुणी बाहेर आलं तर? जर्मनीत माणसाचा फोटो प्रसिद्ध करायला सहसा त्याची संमती लागते. तसा कायदाच आहे, १९०७ पासूनचा. म्हणजे मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये का होईना, समोरच्याशी बोलणं आलं. आपण कोण, फोटो कशाला हवाय, हे सांगणं आलं. कधी ठाम नकारही ऐकावा लागतो. भाषेच्या वर्गात एवढा सराव कुठला व्हायला!

तेव्हा विद्यार्थ्यांनो, दिवसाकाठी एकच फोटो निवडा आणि त्याखाली दोन ओळी लिहा: काय पाहिलं आणि काय कळलं नाही. आणि पालकांना विनंती, रविवारी व्हिडिओ कॉल लागला की जेवणाची चौकशी झाल्यावर त्या दुसऱ्या ओळीबद्दलही विचारा.