बदाम राणीचा चाकांवरचा झगा

लुईस कॅरोल यांचं ॲलिसच्या अद्भुत नगरीचं पुस्तक १८६५ सालचं. २०११ मध्ये लंडनच्या रॉयल बॅलेनं ते रंगमंचावर आणलं. नेपथ्य आणि वेशभूषा बॉब क्राउली यांची.

बॅलेत सहसा संवाद नसतात. पात्राची पहिली ओळख कपडेच करून देतात. इथं पत्ते झालेल्या नर्तिकांचे आखूड, ताठ घागरे बदाम, चौकट, किलवर, इस्पिकच्या आकाराचे आहेत. बदाम राणी येते ती चाकांवरच्या अवाढव्य लाल झग्यातून. नाचायची वेळ आली की त्यातून बाहेर पडते. गोष्टीतल्या चेशायर मांजराचे अवयव सुटे असतात. काळ्या कपड्यांतले कलाकार ते हलवतात, म्हणून मांजर क्षणात जुळतं, क्षणात विखुरतं.

कल्पना कितीही भन्नाट असो, गिरकी आणि उडी अडता कामा नये, हा वेशभूषेचा पहिला नियम.