पुठ्ठ्यामागचं पहिलं पान



आम्ही काही ग्रंथतज्ज्ञ नाही. आठवडाभर सरकारी फायली आणि रविवारी जुनी पुस्तकं, असा आम्हा चार-पाच जणांचा उद्योग. 1910 साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डनसाहेबांना आणून ज्या बडोद्यात ग्रंथालयं उभी केली, तिथंच आज वाडा पाडायला काढला की माळ्यावरची ट्रंक उतरते आणि पुस्तकं किलोवर जातात. नातवंडं गुजराती-इंग्रजीत शिकलेली. त्यांचा दोष नाही.

पहिली आवृत्ती ओळखायला शीर्षकाचं पान बघा. 'आवृत्ती दुसरी' छापलंय का? साल शकात असेल तर 78 मिळवा. टिळकांचं 'गीतारहस्य' शके 1837 चं, म्हणजे 1915 चं.

पण त्याच्याही आधीच्या कोऱ्या पानावर कुणाची सही, कुणाचं 'सप्रेम भेट' असतं. महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर 1913 साली न्यूयॉर्कला शिकायला गेले. तिथले त्यांचे प्राध्यापक जॉन ड्युई यांचं 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' 1916 साली निघालं. त्याच्या प्रती जगभर आहेत. पण बाबासाहेबांनी खुणा केलेली प्रत मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात आहे, आणि शिष्यानं गुरूकडून काय उचललं हे शोधायला अभ्यासक तीच उघडतात.

आता आमची चूक. दोन वर्षांपूर्वी एका सभासदांकडे 'गीतारहस्य'ची पहिली आवृत्ती निघाली. पुठ्ठा सुटला होता. आम्ही हौसेनं बाइंडिंगला दिली. कापडी पुठ्ठा, सोनेरी अक्षरं! घरच्या आजींना दाखवायला नेली. त्यांनी दोन पानं उलटली आणि विचारलं, "मामंजींना त्यांच्या मास्तरांनी लिहून दिलेलं पान कुठंय?"

फाटकं म्हणून बाइंडरनं ते काढून टाकलं होतं. काढू नका, असं आम्ही सांगितलंच नव्हतं. आजींनी पुस्तक मिटून आमच्या हातात दिलं. पहिली आवृत्ती आणखी कुठं मिळेलही. ते पान त्या एकाच घरात होतं.

तेव्हापासून आमचे नियम ठरले. बाइंडिंगआधी सगळ्या लिहिलेल्या पानांचे फोटो. चिकटपट्टी नाही. हस्ताक्षरावर शिक्का नाही. आत सापडलेलं पोस्टकार्ड, पावती त्याच पुस्तकाबरोबर लिफाफ्यात. पुस्तक कुणाचं, घरात कसं आलं, हे मोठ्यांना विचारून वेगळ्या कागदावर लिहायचं. आणि ऐकीव गोष्टीवर थोर माणसाचं नाव चिकटवायचं नाही. आधी सही दुसऱ्या पत्राशी ताडून पाहायची.

दिवाळीच्या साफसफाईत ट्रंक निघेल, तेव्हा रद्दीवाल्याआधी आम्हाला फोन करा. पुस्तकं तुमच्याच घरी राहू द्या; ठेवायला जागा नसेल तर मंडळाचं कपाट आहे. आणि आजी-आजोबा घरात असतील, तर आम्ही यायच्या आधी त्यांच्या शेजारी बसून पहिलं पान उघडा.

गणपती बाप्पा मोरया!